ढालकिड्याच्या अळीवर औषध मारायला सांगणाऱ्यांना

जुन्नर तालुक्यात माझा टोमॅटोचा दीड एकराचा प्लॉट आहे आणि त्यावर गेल्या महिन्यात जे झाले, त्याचा संताप अजून शमलेला नाही. मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडलेल्या शेंड्यांवर काळ्या अंगाची, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिल्लासारखी दिसणारी अळी फिरत होती. ती ढालकिड्याची (लेडीबर्ड बीटलची) अळी होती आणि एकामागून एक मावा फस्त करत होती. काही पानांमागे मावा फुगून तपकिरी झाला होता, म्हणजे परजीवी कीटकाने त्याला आतून पोखरून टाकले होते; आणखी आठवडाभर कोणी हात लावला नसता, तर मावा आपोआप आटोक्यात आला असता.

मी दोन दिवस बाहेरगावी असताना धाकट्या भावाने त्याच अळीचा फोटो कृषी सेवा केंद्रात दाखवला. ती कोणत्या किडीची आहे, ती पान खाते की मावा, यातले काहीही न विचारता दुकानदाराने सिंथेटिक पायरेथ्रॉइड या सरसकट सगळे कीटक मारणाऱ्या औषधाची बाटली आणि सोबत एक टॉनिक त्याच्या हातात ठेवले. मी परतलो तेव्हा सरीत ढालकिडे उताणे पडले होते आणि केसासारख्या देठावर टेकवलेली क्रायसोपा या मावा खाणाऱ्या कीटकाची अंडी सुकून गेली होती.

पुढच्या तीन आठवड्यांत पांढरी माशी उसळली. तिला खाणारे कोणी शिल्लकच नव्हते. तिने बोकड्या हा पाने आकसवणारा विषाणूजन्य रोग आणला आणि त्या विषाणूवर कोणत्याही दुकानात औषध नाही, रोप उपटून टाकणे एवढेच हातात राहते. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी मी टोमॅटोच्या दर सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावली होती, नर पतंगांना गंधाने ओढणारे कामगंध सापळे टांगले होते, मित्रकीटक सोडणारी ट्रायकोकार्डेही बांधली होती. त्या कार्डांतून बाहेर पडलेले इवलेसे ट्रायकोग्रामा, म्हणजे किडीच्या अंड्यांवर वाढणारे मित्रकीटक, पहिल्याच फवाऱ्यात गेले असणार. महाराष्ट्रात 2014 पासून ठाण मांडून बसलेली टुटा नागअळी मात्र पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये सुरक्षित राहिली.

भावाला मी दोष देत नाही, कारण मित्रकिडा ओळखायला त्याला कोणी शिकवलेच नाही. दुकानाच्या भिंतीवर शत्रुकिडींची चित्रे आहेत, ढालकिड्याच्या अळीचे एकही नाही. परवाना घेऊन कीटकनाशके विकणाऱ्या माणसाला पिकाचे रक्षण करणारी अळी ओळखता येऊ नये, हे मला मान्य नाही. बाटल्यांचे बिल मी जपून ठेवले आहे आणि उपटलेली रोपे घेऊन उद्या सकाळी त्याच्याच काउंटरवर जाणार आहे.