गाडीच्या हौद्यात जागा दिसली की भरत सुटायचं का?

आज परत तेच. पिकअपमध्ये सिमेंटच्या वीस गोण्या भरून झाल्या, मी हौद्याचा मागचा फळका लावायला गेलो तर गिऱ्हाईक म्हणे "थांब थांब, अजून केवढी जागा आहे, आठ गोण्या टाक." अरे जागेचं काय घेऊन बसलात, वजनाचं बोला ना! डोकं फिरलंय माझं.

माझ्या पिकअपच्या कागदावर भरलेल्या गाडीचं वजन जास्तीत जास्त २,९०० किलो आहे, रिकामी गाडी १,७००. राहिले १,२००. लोकांना वाटतं हे सगळे मालाचे. त्यात मी आणि हमाल बसलो की दीडशे गेले, ताडपत्री, दोरखंड, जॅक, वर बसवलेलं लोखंडी कॅरिअर यांचे पन्नास धरा, उरले १,०००. सिमेंटची गोणी ५० किलोची, म्हणजे वीस. एवढं साधं गणित आहे. पण वीस गोण्यांत हौदा अर्धापण भरत नाही ना, मग मी कामचुकार, मी भाडं वाढवायला बघतोय! ओल्या वाळूचं तर विचारूच नका, एक घनमीटर म्हणजे पावणेदोन-दोन टन, ती पण म्हणे काठोकाठ भर.

आणि सगळ्यात जास्त संताप येतो तो "मागे दोन पाटे वाढवून घे" या सल्ल्याचा. पाटे म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या. पाटे वाढवले की गाडी मागून बसत नाही एवढंच होतं हो. ब्रेक तेच, एक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच. आधी निदान मागून बसलेली गाडी बघून कळायचं तरी की जास्त भरलंय, आता तेही कळत नाही.

मी पण एकदा भीड पडली म्हणून जास्त माल घेतला होता. लांब उतार होता, अर्ध्यात ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास यायला लागला आणि पेडल दाबतोय तर गाडी धरतच नाही, कशीबशी दुसऱ्या गियरला आणून बाजूला घेतली. हात थरथरत होते माझे. शिवाय उतरवायला सोपं म्हणून हमालाने सगळा माल मागच्या फळक्याला रचलेला, मागच्या चाकांच्याही मागे, त्यामुळे पुढून गाडी उचललेली, स्टेअरिंग हलकं पडलेलं, ब्रेक मारला तरी पुढच्या चाकांना पकड नाही. जड माल केबिनला चिकटून रचा आणि घट्ट बांधा हे मी रोज सांगतो, रोज! कोणी ऐकत नाही.

टायरचंही तेच. हवा कमी, वजन जास्त, बाजू दबून दबून टायर तापतो आणि भर वेगात फुटतो, मग म्हणायचं टायरच खराब होता.

"बाकीचे गाडीवाले नेतात की" म्हणे आजचा. नेतात ना, आणि काही झालं की तेच एकटे रस्त्यावर उभे असतात, भर म्हणणारा फोन पण उचलत नाही. गाडीत चढवलेल्या त्या जादा आठही गोण्या मी रागारागात स्वतः खाली उतरवल्या, त्याच्यासमोर. पडल्यात तिथंच. दुसऱ्या फेरीचं भाडं द्या नाहीतर दुसरी गाडी बघा, विसाच्या वर एक गोणी मी घेणार नाही.