स्क्रीन रीडर येतो, एवढ्यावर टेस्टर होत नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या दिव्यांग तरुणांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "स्क्रीन रीडर येतो? मग तुम्ही अ‍ॅक्सेसिबिलिटी टेस्टर आहातच! कोडिंग नको, महिनाभराचा कोर्स, ऐरोली-महापेला नोकरी. तपासणी टूल करतं, तुम्ही फक्त रिपोर्ट द्यायचा."

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी टेस्टर म्हणजे वेबसाइट किंवा अ‍ॅप दिव्यांगांना वापरता येतं का, हे तपासणारा. या कामाला मागणी आहे, हे खरं. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसी दिव्यांगांना करता येईल अशी हवी, असं बजावल्यापासून तर आहेच. बाकी मेसेज तपासून घ्यावा असा आहे.

"टेस्टर आहातच." उलट, मुरलेला वापरकर्ता सुरुवातीला कच्चा टेस्टर ठरतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर बटनाचं नाव न सांगता नुसतं "बटन" म्हणाला, की तो वापरकर्ता आजूबाजूचा मजकूर ऐकून किंवा इन्सर्ट-आर दाबून, ओसीआरने (चित्रातली अक्षरं ओळखून) नाव काढतो आणि पुढे सटकतो. दोष नोंदवायचा राहतोच. म्हणून शिकताना आधी हे जुगाड बंद करायचे. टॅब, शिफ्ट-टॅब, शीर्षकांसाठी एच, आणि जे ऐकू आलं ते शब्दशः उतरवायचं. नोंदीत पानाचा पत्ता, ब्राउझर आणि स्क्रीन रीडरची आवृत्ती, कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबल्या, काय ऐकू आलं, काय यायला हवं होतं आणि डब्ल्यूसीएजी या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतल्या निकषाचा क्रमांक (इथे 4.1.2) असावा लागतो. "बटन चालत नाही" एवढंच लिहिलं तर डेव्हलपर तिकीट, म्हणजे ती नोंद, परत पाठवतो. त्याचंही चुकत नाही, माउसने ते चालतंच!

"कोडिंग नको." प्रोग्राम लिहायचा नसतो, पण एचटीएमएल वाचता यायलाच हवं. ते खरं बटन आहे की क्लिक लावलेला डिव (नुसता चौकोनी डबा), यावर दुरुस्ती ठरते. आणि इथेच वर्ग अडखळतो. एनव्हीडीएच्या मूळ सेटिंगमध्ये कोनी कंस उच्चारलेच जात नाहीत, त्यामुळे टॅग कुठे संपला आणि मजकूर कुठे सुरू झाला ते कळत नाही. इन्सर्ट-पी दाबून विरामचिन्हांची पातळी 'सर्व' करायची, मगच पहिला धडा.

"टूल करतं." मराठी पानाच्या कोडमध्ये भाषा 'एन' (इंग्रजी) लिहिलेली असेल तर टूल खूश, भाषा दिलीय, कोडही वैध आहे. प्रत्यक्षात स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजाकडे वळतो आणि देवनागरीचा चोथा होतो. तिथे 'एमआर' हवं. हे कानालाच कळतं.

"महिनाभराचा कोर्स." डब्ल्यूसीएजी 2.2 मध्ये ए आणि एए पातळीचे मिळून 55 निकष आहेत. ते महिन्यात पाठ होतील, हातात बसणार नाहीत. या क्षेत्रातल्या प्रमाणपत्र परीक्षांपैकी सीपीएसीसी मुख्यतः संकल्पनांची आहे, कोडच्या पातळीवरची डब्ल्यूएएस वेगळी.

हे काम फक्त अंधांचं, असंही मेसेज धरून चालतो. अल्पदृष्टी असलेल्याने 400 टक्के झूमवर पान आडवं सरकवावं लागतं का पाहावं, हातांनी माउस न धरता येणाऱ्याने कीबोर्डने फिरताना फोकस (सध्या निवडलेली जागा) कुठे अडकतो ते, बहिऱ्या व्यक्तीने कॅप्शन.

नोकरी मिळालीच, तर रुजू होण्याआधी एक ईमेल टाका: लॅपटॉपवर स्क्रीन रीडर बसवून ठेवा. कंपनीच्या मशीनवर अ‍ॅडमिन परवानगी नसते, पेन ड्राइव्हही बहुधा बंद असतो, आणि पहिला आठवडा मुक्या मशीनपुढे जातो. कोर्सवाल्यांकडे फी भरण्याआधी मागायचं ते एवढंच: मागच्या तुकडीतल्या कोणीही लिहिलेली एक दोषनोंद, नाव झाकून.