'लारा वळतच नाही' या एक-ताऱ्याच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

रिव्ह्यू सविस्तर लिहिलात, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. मुलीला आमच्याकडे खेळायला आणलंत, त्यानंतरच्या तुमच्या तक्रारी अशा: पहिल्या प्लेस्टेशनवरच्या 'टूम रेडर' या गेममध्ये त्याची नायिका लारा क्रॉफ्ट धड वळत नाही, उडी मारली की खड्ड्यात पडते, अंग पुठ्ठ्याचं वाटतं, हवं तिथे सेव्ह होत नाही, म्हणजे डिस्क किंवा कंट्रोलर खराब. शिवाय 'मुलग्यांसाठी बनवलेली बाहुली' मुलीसमोर ठेवलीच का, असंही विचारलंत.

डिस्क आणि कंट्रोलर दोन्ही चांगले आहेत. गेम 1996 चा, डुअलशॉक कंट्रोलर त्यानंतरचा. त्यामुळे त्या कंट्रोलरवरच्या, अंगठ्याने फिरवायच्या गोल काड्या इथे चालत नाहीत. मधला लाल दिवा लागलेला असेल तर 'अ‍ॅनालॉग' बटण दाबून तो घालवा आणि बाणांची बटणंच वापरा. डावं-उजवं बटण कॅमेऱ्याच्या हिशेबाने नाही, लाराच्या डाव्या-उजव्या हाताच्या हिशेबाने चालतं. एवढं एक डोक्यात बसलं की 'वळत नाही' ही तक्रार बरीचशी मिटते.

उडीचं जरा नीट सांगायला हवं, कारण सगळा गेम तिच्यावरच उभा आहे. प्रत्येक लेव्हल सारख्या मापाच्या चौकोनांवर बांधलेली आहे आणि लाराची प्रत्येक झेप त्या चौकोनांत मोजून बसवलेली आहे. उभ्या जागेवरून एक चौकोनाचा खड्डा पार होतो, पळत येऊन दोनचा, आणि पलीकडची कड हाताने पकडली तर तीनचा. कंट्रोलरच्या वरच्या कडेला उजवीकडे असलेलं आर-1 बटण धरून खड्ड्याच्या कडेपर्यंत चालत जा. आर-1 धरलेलं असताना ती कडेवरून पडत नाही, आपोआप थांबते. आता आर-1 सोडा आणि खालचा बाण एकदाच दाबा. ती उडी मारून बरोबर एक चौकोन मागे येते. मग वरचा बाण धरा आणि लगेच चौकोनाचं चिन्ह असलेलं बटण दाबून ठेवा. धावेल आणि कडेवरच्या शेवटच्या पावलावर स्वतःहून झेपावेल. हवेत असतानाच फुलीचं बटण धरून ठेवा, म्हणजे कड पकडेल. खड्ड्यात पडायचं नेहमीचं कारण म्हणजे कड दिसल्यावर घाईने बटण दाबणं. दुसरं कारण पटकन लक्षात येत नाही: पिस्तुलं बाहेर काढलेली असतील तर फुली दाबल्यावर ती गोळ्या झाडते, कड पकडत नाही. आधी त्रिकोण दाबून पिस्तुलं आत ठेवा.

तिच्या हालचालींना जे वजन जाणवतं ते लाराचा निर्माता टोबी गार्ड याचं काम. इंग्लंडमधल्या डर्बीच्या कोअर डिझाइन या गेम कंपनीत त्याने त्या हालचाली कुणाच्या अंगाला सेन्सर लावून नाही, हाताने बसवल्या. बहुतेक हालचाली एकदा सुरू झाल्या की मध्येच तुटत नाहीत, त्यामुळे बटण दाबण्याआधी विचार करावा लागतो. आम्हाला तीच तर मजा वाटते, तुम्हाला नाही वाटली तर हरकत नाही.

पुठ्ठ्याचं म्हणाल तर ती पंधरा कडक तुकड्यांची आहे: डोकं, धड, कंबर, आणि प्रत्येक हातापायाचे तीन-तीन. सांधे एकसंध दिसायला 1999 चा चौथा भाग उजाडला. हलणारी वेणीसुद्धा पहिल्या भागात जमली नाही, ती दुसऱ्या भागात आली. भिंतींवरची चित्रं थरथरतात ती प्लेस्टेशनच्या हिशेबामुळे. चित्र पृष्ठभागावर चढवताना हे मशीन जवळ-लांबच्या अंतराप्रमाणे त्याची दुरुस्ती करत नाही. टीव्ही बदलून फरक पडणार नाही.

सेव्हसाठी जागोजागी निळे स्फटिक तरंगताना दिसतील. जवळ जाऊन फुली दाबा. स्फटिक एकदाच वापरता येतो, म्हणून अवघड उडीच्या आधी राखून ठेवा. कुठेही सेव्ह करायची सोय तेव्हा फक्त पीसीवर होती.

आता बाहुली. गार्डने आधी पुरुष नायक रेखाटला होता, पण तो इंडियाना जोन्ससारखा दिसतो म्हणून कंपनीचे प्रमुख जेरेमी हीथ-स्मिथ यांनी तो बदलायला लावला. मग झाली दक्षिण अमेरिकेची लॉरा क्रूझ, आणि नाव ब्रिटिश हवं म्हणून शेवटी लारा क्रॉफ्ट. त्या छोट्या टीममध्ये संहिता व्हिकी अरनॉल्डची होती, लेव्हल बांधणाऱ्यांत हेदर गिब्सन होती. अंगकाठी अवास्तव आहे, यात वाद नाही. पण गेमच्या आत ती कुणाची वाट बघत बसत नाही; एकटी चढते, पोहते, कोडी सोडवते. मादक पोस्टरं, मॉडेल्स, लुकोझेड या पेयाच्या जाहिराती हा सगळा प्रचाराचा भाग. आपल्या पात्रावर आपलंच चालत नाही म्हणून गार्ड 1997 मध्ये कंपनी सोडून गेला. 2002 मध्ये हेलन केनेडी या अभ्यासक बाईंनी लारावर लिहिलं तेव्हाही लाराला 'नायिका' किंवा 'बाहुली' असं सरळ एका बाजूला टाकता आलं नाही, तर आम्ही आमच्या काउंटरवरून काय निकाल देणार! 2013 च्या नव्या लाराची संहिता रियाना प्रॅचेटने लिहिली. तिथे अंगकाठी माणसासारखी आहे, पण तिला इतकं जखमी होताना बघावं लागतं की लहान मुलीसाठी आम्ही तो भाग सुचवणार नाही.

जुनी बटणं नकोच असतील तर प्लेस्टेशन 4 वर पहिल्या तीन भागांची 2024 ची सुधारित आवृत्ती आहे. तिच्यात आधुनिक कंट्रोल निवडता येतात आणि जुनं-नवं चित्र खेळता खेळता बदलता येतं. तिसऱ्या भागात गंगेकाठचा 'भारत' भेटेल. तो बघून हसावं की चिडावं, तुम्हीच ठरवा. जुन्या साचेबद्ध चित्रणाबद्दलची सूचना त्या आवृत्तीतच दिलेली आहे.

मुलीला पुन्हा आणलंत तर पहिली लेव्हल लगेच लावू नका. मेनूमध्ये पासपोर्टच्या चित्राशेजारी एक फोटो आहे, तो निवडा. लाराचं घर उघडतं आणि तिथल्या व्यायामशाळेत ती स्वतः एकेक बटण समजावते. लांडगे नाहीत, सापळे नाहीत. पुढे गुहेत जायचं असेल तर बसण्याआधी काउंटरवर सांगा, मेमरी कार्ड लावून देतो.