फोनवरचा आकडा आणि रिपोर्टातला आकडा

नमस्कार साहेब. आमच्या धातू तपासणी लॅबला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की तुमच्या स्टेनलेस स्टीलचा कार्बन आम्ही फोनवर ०.०९ टक्के सांगितला आणि रिपोर्टात ०.०५२ आला, म्हणजे 'यांचं यांनाच कळत नाही'. सप्लायरच्या तपासणी गनने ३०४एल (कमी कार्बनचं ३०४ स्टील) दाखवलेला माल आम्ही नापास केला, आणि आमची मुलं अजून 'शाळेच्या प्रॅक्टिकलसारखी' काचेची भांडी हलवत बसतात, असंही.

फोनवरचा आकडा ही आमचीच चूक. तुम्ही फ्लँजचं (पाइप जोडायच्या कडीचं) लेथवरचं टर्निंग, म्हणजे कातलेला कीस, पिशवीत भरून दिलंत, ते कूलंटच्या तेलाने ओलं होतं. तेलात कार्बनच असतो, म्हणून ते ॲसिटोनने धुऊन, वाळवूनच भट्टीत घालायचं. तुमची घाई बघून आमच्या मुलाने न धुताच जाळलं आणि आलेला आकडा सांगून टाकला. संध्याकाळी धुतलेल्या टर्निंगची तीन रीडिंग घेतली, कार्बन ठाऊक असलेला प्रमाणित नमुनाही सोबत जाळला. त्याचा आकडा जुळला, तेव्हाच ०.०५२ लिहिलं. हे तुम्हाला कळवायला हवं होतं, राहून गेलं. माफी असावी.

गनचं मात्र मान्य नाही. हातातली एक्सआरएफ गन, म्हणजे एक्स-रे मारून धातू ओळखणारी, क्रोमियम, निकेल चांगलं दाखवते, कार्बन तिला दिसतच नाही. आणि ३०४ व ३०४एल यांत मुख्य फरक कार्बनचाच, एलला कमाल ०.०३० टक्के. तेव्हा गनच्या पडद्यावर 'एल' उमटलं तरी त्याला आधार काय? आम्ही सुमारे एक ग्रॅम धातू ऑक्सिजनमध्ये जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू इन्फ्रारेडने मोजतो.

तुमचा माल बनावट नाही, तो ३०४ आहे. पण फ्लँज टाकीला वेल्ड होणार, असं तुम्हीच म्हणालात. वेल्डशेजारचा भाग साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये तापतो, तेव्हा जादा कार्बन धातूच्या कणांच्या सीमेवर क्रोमियमला धरून बसतो. तिथलं गंज रोखणारं क्रोमियम कमी पडतं आणि काही महिन्यांनी वेल्डला लागून गंजाची रेघ उठते. पार्टी मग तुम्हालाच फोन करणार.

राहिली काचेची भांडी. ती टवाळी जरा लागली. ठिणगी पाडून घटक मोजणाऱ्या स्पार्क मशिनला सपाट, भरीव तुकडा लागतो, टर्निंगवर ते चालत नाही. म्हणून तुमचं निकेल आम्ही जुन्या पद्धतीने काढलं. स्टील आम्लात विरघळवायचं, लोखंड टार्टरिक आम्लाने धरून ठेवायचं, अमोनिया घालायचा आणि मग निकेलला पकडणारं डायमिथाइलग्लायॉक्झाइम हे रसायन. निकेल लालभडक साका होऊन खाली बसतं, ते गाळून, वाळवून तोलायचं. चुगाएव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १९०५ साली दाखवलेल्या निकेलच्या या अभिक्रियेवरची पद्धत आजही मशिनचा आकडा पडताळायला वापरतात.

तुमचं उरलेलं टर्निंग लेबल लावून ठेवलंय. जमलं तर त्याच फ्लँजला कूलंट न लावता ड्रिल मारून ताजं टर्निंग आणा. तुमच्या रबाळ्याहून ऐरोली पुलाने आमचं ठाण्यातलं वागळे इस्टेट काही लांब नाही. शनिवारी अकराला या, तुमच्यासमोर दोन्ही जाळू, पैसे लागणार नाहीत. ०.०३० च्या आत आलं तर रिपोर्ट बदलून आधीची फीही परत देतो.