वर्ष व्हायच्या आत फर्म बदलायचीय? बदला की!

कंपन्यांना धंद्याचे सल्ले विकणाऱ्या कन्सल्टिंग फर्ममध्ये नोकरीला लागून अकरा महिने झालेत आणि तुम्हाला मॅकिन्झी सोडून बीसीजीत (म्हणजे बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये) जायचंय. किंवा बीसीजी सोडून बेनमध्ये. किंवा बेन सोडून मॅकिन्झीत, म्हणजे प्रदक्षिणा पूर्ण. अभिनंदन!

सगळ्यात आधी मनातून अपराधी भावना काढून टाका, ही तर घराण्याची रीत आहे. ब्रूस हेंडरसन आर्थर डी. लिटल या जुन्या कन्सल्टिंग फर्ममधून बाहेर पडला आणि १९६३ मध्ये त्याने बॉस्टनला बीसीजी सुरू केली, मग दहा वर्षांनी त्याच्याच हाताखालचा बिल बेन काही सहकाऱ्यांना घेऊन निघाला आणि स्वतःच्या नावाची पाटी लावली. आता ते बाहेर पडून फर्म काढून बसले आणि तुम्ही त्याच अंथरुणावर नुसती कूस बदलताय, पण एवढा बारीक विचार कशाला करायचा.

आता एक्सेल उघडा. शिकायला काय मिळेल, पगार, प्रवास, कल्चर, पुढे एक्झिट कुठे (म्हणजे कन्सल्टिंग सोडून कुठली नोकरी मिळेल), सगळ्याला वेटेज द्या. पहिल्या फटक्यात उत्तर येईल 'आहात तिथेच थांबा'. घाबरू नका, कल्चरचं वेटेज १५ वरून ४० करा, शिकण्याचं तेवढंच कमी करा, झालं काम! क्लायंटसाठी हेच करतो ना आपण, तेव्हा तर वर पैसेही मिळतात. आणि तिथलं कल्चर भारी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? कॉलेजातल्या बॅचमेटने, रात्री पावणेदोनला, ऑफिसातून फोन करून. यापेक्षा भक्कम पुरावा काय हवा.

खरं कारण फक्त कुणाला सांगू नका. खरं कारण म्हणजे तो मॅनेजर, ज्याने स्लाईड क्रमांक १७ वरचा बाण तुम्हाला चार वेळा सरकवायला लावला आणि पाचव्यांदा म्हणाला, 'आधीचाच बरा होता.' आता कुणीतरी शहाणा सांगेल, की अरे प्रोजेक्ट सहा आठवड्यांत संपेल, मग टीम बदलेल, मॅनेजरही बदलेल, त्यासाठी फर्म कशाला बदलतोस. अशा माणसाचा नंबर ब्लॉक करा.

तोच शहाणा पुढे म्हणेल की जुन्या ठिकाणी निदान एक पार्टनर, कुणाला कुठल्या प्रोजेक्टवर टाकायचं ते ठरवणाऱ्या स्टाफिंगवाल्यांना 'पोरगा बरा आहे' एवढं सांगायचा, हे तीन शब्द कमवायला तुमचे अकरा महिने गेले, नव्या ठिकाणी पाटी कोरी. शिवाय फर्मच्या पैशाने एमबीएला जायची सोय होती, तिचंही गणित पुन्हा पहिल्यापासून. जाऊ द्या हो. जॉइनिंग बोनस परत करायचं कलम मात्र वाचून घ्या, कारण त्या पैशांची बुलेट खाली पार्किंगमध्ये उभी आहे.

घरच्यांना समजावणं हा वेगळाच विषय. मॅकिन्झीत असोसिएट म्हणजे साधारण एमबीए करून आलेला, बीसीजीत असोसिएट म्हणजे त्याच्या खालचा, तिथे एमबीएवाल्याला कन्सल्टंट म्हणतात. मावशीला हे सगळं सांगून झालं की ती विचारेल, 'म्हणजे बढती झाली का रे?' हो म्हणून मोकळे व्हा, नाहीतरी नक्की काम काय करतोस हे तिला पहिल्या फर्मच्या वेळीही कळलं नव्हतं.

मग पुन्हा केस इंटरव्ह्यू (धंद्याचं कोडं समोर बसून सोडवायचं), पुन्हा मुंबईत रोज किती वडापाव खपतात याचा हिशोब, पुन्हा नोटीस पीरियड. आणि मग तो सोन्याचा दिवस उगवतो. निळ्याऐवजी हिरवं टेम्प्लेट, नवा लॅपटॉप, सोमवारी पहाटेचं तेच विमान. बोर्डिंगच्या रांगेत असताना एचआरचा मेल येतो, की तुमच्या टीमचा मॅनेजर पुढच्या आठवड्यात जॉइन होतोय, नवीनच आहे, तुम्ही ओळखत असालच, तुमच्याच आधीच्या फर्ममधून येतोय.