हीटर घेण्याआधी घराच्या फटी शोधा

हिवाळा जवळ आला की घर स्वस्तात गरम करून देणाऱ्या उपकरणांच्या जाहिरातींना ऊत येतो. तेल भरलेला हीटर पंख्याच्या हीटरपेक्षा निम्मी वीज खातो किंवा अमुक तंत्राचा तळहाताएवढा हीटर अख्खे घर उबदार ठेवतो, अशी विधाने त्यांत बिनदिक्कत केलेली असतात आणि चांगली शिकलेली माणसेही ती एकमेकांना पाठवत राहतात. माझ्या मते खर्चाचा विचार हीटरपासून सुरू करणे हीच उलटी रीत आहे. घरातली उष्णता कोठून आणि किती वेगाने बाहेर जाते, हे आधी पाहिले पाहिजे, कारण बाहेर गेलेली प्रत्येक युनिट पुन्हा विकत घ्यावी लागते.

विजेच्या तारेतून किंवा कॉइलमधून उष्णता देणारा कोणताही हीटर घेतला तरी एक युनिट विजेतून एक युनिट उष्णताच मिळते, जास्त नाही आणि कमीही नाही. २,००० वॅटचा हीटर तासभर पूर्ण क्षमतेने चालला की दोन युनिटे खर्च होतात, मग त्याच्या पोटात तेल असो, पंखा असो की लाल दिसणारी नळी. पंख्याचा हीटर हवा लवकर तापवतो, तेलाचा बंद केल्यावरही काही काळ ऊब देतो, आणि नळीचा हीटर समोर बसलेल्या माणसाला थेट शेकतो. हे फरक खरे आहेत, पण ते सोयीचे आहेत. मातीची कुंडी मेणबत्तीवर उपडी ठेवून खोली गरम करण्याचा व्हिडिओ दरवर्षी फिरतो, त्याचाही हिशेब हाच आहे. मेणबत्तीत जेवढे मेण तेवढी उष्णता, कुंडी त्यात काहीच घालत नाही.

या नियमाला बगल देणारे एकच यंत्र आहे, ते म्हणजे हीट पंप. तो उष्णता निर्माण करण्याऐवजी बाहेरच्या थंड हवेतली किंवा जमिनीतली उष्णता उचलून आत आणतो. ही कल्पना १८५२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी मांडली होती. बेताच्या थंडीत असा पंप एका युनिट विजेवर साधारण तीन युनिटे उष्णता घरात आणतो. बाहेर कडाका वाढला किंवा रेडिएटरसाठी, म्हणजे आतून गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या धातूच्या पट्टांसाठी, फार गरम पाणी लागले, तर हे प्रमाण घसरते. यंत्र उत्तमच आहे. पण गळक्या घराला मोठ्या क्षमतेचा आणि अर्थातच महागडा पंप लागतो, म्हणून त्याचाही क्रम दुसराच लागतो.

आता गळतीकडे येऊ. समजा, घरातल्या हवेचे एकूण आकारमान २०० घनमीटर आहे, फटींतून ती तासातून एकदा पूर्ण बदलली जाते आणि आत-बाहेरच्या तापमानात १५ अंशांचा फरक आहे. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला सुमारे ०.३३ वॅट-तास लागतात, म्हणजे अशा घरात केवळ आत शिरणारी थंड हवा तापवण्यासाठी जवळजवळ एक किलोवॅटचा हीटर अखंड चालवावा लागतो. दिवसाची ही २४ युनिटे झाली, आणि भिंती, छप्पर व काचांमधून जाणारी उष्णता यात धरलेलीच नाही. ही गळती निम्म्यावर आणण्यासाठी लागणारी रबराची किंवा फोमची पट्टी, दाराच्या तळाशी लावायचा ब्रश आणि फटी बुजवायच्या सिलिकॉनची नळी हे सामान मात्र कोणत्याही हीटरपेक्षा स्वस्त असते.

फटी शोधण्यासाठी वाऱ्याचा दिवस निवडावा आणि पेटवलेली उदबत्ती खिडक्यांच्या चौकटी, दारांचे तळ, पाइप भिंतीत शिरतात ती भोके आणि बाहेरच्या भिंतीवरचे विजेचे बोर्ड यांच्याजवळून सावकाश न्यावी. धूर आडवा झाला की जागा सापडली. माळ्याच्या झडपेकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. गरम हवा वर चढून छताजवळच्या फटींतून निसटते आणि तिच्या जागी खालून थंड हवा ओढली जाते, त्यामुळे पायांना झोंबणाऱ्या गारव्याचे कारण पुष्कळदा डोक्यावर असते. उघडी फायरप्लेस असेल तर आग पूर्ण विझलेली असताना तिच्या धुराड्याची झडप बंद ठेवावी. मात्र गॅसवर किंवा लाकडावर चालणाऱ्या उपकरणाला हवा पुरवणारी जाळी कधीही बुजवू नये.

हवेनंतर छप्पर, भिंती आणि काचा. एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे पाच ते सहा वॅट उष्णता जाते. साध्या दुहेरी काचेतून साधारण त्याच्या निम्मी. थंड काचेचा आणखी एक दोष असा की हवा पुरेशी गरम असली तरी आपले शरीर त्या काचेकडे उष्णता फेकत राहते, आपल्याला गार वाटते आणि आपण थर्मोस्टॅट, म्हणजे घराचे तापमान ठरवणारे बटण, वाढवतो. अंधार पडताच जाड पडदे ओढले की यात बराच फरक पडतो, फक्त पडदा रेडिएटरवर लोंबता कामा नये. इन्सुलेशन, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ न देणारे आवरण, किती दूर नेता येते, हे कॅनडातल्या रेजायना शहरात १९७७ मध्ये आणि जर्मनीतल्या डार्मश्टाट येथे १९९१ मध्ये उभ्या राहिलेल्या घरांनी दाखवून दिले. डार्मश्टाटच्या प्रयोगातून आलेल्या ‘पॅसिव्ह हाउस’ मानकात, घर गरम ठेवण्यासाठी दर चौरस मीटरला वर्षाला फक्त १५ युनिटे उष्णता धरलेली आहे.

थर्मोस्टॅटबद्दलचे गैरसमज तर फारच चिवट आहेत. तो २५ वर नेल्याने सर्वसाधारण यंत्रणेत घर लवकर गरम होत नाही, फक्त २१ वर थांबायचे ते पुढे तापत राहते. दिवसभर मंद चालू ठेवणे स्वस्त पडते, ही समजूतही बहुतेक घरांत चुकीची आहे, कारण घर जितका वेळ थंड असते तितका वेळ त्यातून उष्णता कमी जाते. याला अपवाद हीट पंपाचा. तापमान फार खाली आणून पुन्हा झपाट्याने वाढवायला गेल्यास काही यंत्रणांत जोडीचा साधा विजेचा हीटर सुरू होतो आणि बचत तिथेच संपते. बाहेर ५ अंश आणि आत २० अंश असताना एक अंश कमी केला, तर १५ अंशांच्या फरकातला पंधरावा भाग, म्हणजे सुमारे साडेसहा टक्के उष्णता वाचते. एका साध्या बटणासाठी हे वाईट नाही.

खोलीऐवजी माणसाला गरम ठेवणे हा मला सर्वांत कमी वापरलेला उपाय वाटतो. विजेची चादर साधारण शंभर वॅटच्या आसपास काम भागवते, तिथे खोलीच्या हीटरला दीड-दोन हजार वॅट लागतात. पण या विचाराला मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरातले किमान तापमान १८ अंश असावे असे सुचवले आहे, आणि वृद्ध, तान्ही मुले व आजारी माणसे यांना त्याहून अधिक लागू शकते. शिवाय फार थंड घरात भिंतींवर ओल धरते आणि बुरशी येते. त्यासाठी खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा काही मिनिटे पूर्ण उघडून बंद करावी. ओलसर हवा निघून जाते आणि भिंतींत साठलेली ऊब टिकते.

पैसे वाचवण्यासाठी बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी पेटवणे किंवा स्वयंपाकाचा गॅस तासन्‌तास जळत ठेवणे हा मात्र जिवाशी खेळ आहे. त्यातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही.

या साऱ्या सल्ल्यांत भाडेकरू नेहमी अडकतो, याचा मला सर्वाधिक राग येतो. भिंती आणि खिडक्या मालकाच्या, बिल भाडेकरूचे. त्यामुळे इन्सुलेशनवर खर्च करण्याचे मालकाला कारण उरत नाही आणि भाडेकरूला दुसऱ्याच्या भिंतीत पैसे घालणे परवडत नाही. अशा माणसाला ‘स्वेटर घाला’ असे सांगणे सोपे आहे, पण किमान दर्जाचे इन्सुलेशन नसलेले घर भाड्याने देता येऊ नये, असा कायदा असणे हेच मला रास्त वाटते. तोवर भाडेकरूच्या हाती एक गोष्ट आहे: करारावर सही करण्याआधी मागच्या हिवाळ्याची बिले मागावीत आणि ती दाखवायला मालक का-कू करू लागला, तर तो खर्च भाड्यात मिळवूनच घराची तुलना करावी.