पगारावरचा पैसा वाया जातो, हे खरे नाही

वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या धर्मादाय संस्थांबद्दल एक संदेश फिरतो आहे: 'पगारावर खर्च करणाऱ्या संस्थेला देणगी देऊ नका. कामे स्वयंसेवकांनी करावीत, माणसे प्रकल्पापुरती घ्यावीत, म्हणजे पै न् पै संशोधनाला लागेल.' हेतू चांगला आहे, पण यात नुकसान संशोधनाचेच होते.

'पगार हा संशोधनाबाहेरचा खर्च.'
संशोधन माणसेच करतात. प्रयोगशाळेला मिळालेल्या अनुदानातलाही मोठा वाटा सहायक आणि तंत्रज्ञांच्या पगाराला जातो. राहता राहिले संस्थेचे कार्यालय. समजा निधीसाठी संशोधनाचे 60 प्रस्ताव आले आणि प्रत्येकाला 3 परीक्षक हवेत, तर 180 अभिप्राय मिळवायचे. बरेच जण नकार देतात, म्हणून विचारणा त्याहून कितीतरी जास्त जणांना करावी लागते. प्रत्येक नाव आधी तपासायचे: अर्जदाराच्याच विभागातले आहेत का? दोघांचे अलीकडे एकत्र शोधनिबंध आहेत का? त्याच प्रश्नावर काम करणारे स्पर्धक आहेत का? हे सगळे एकाच माणसाच्या गळ्यात पडले की तिसऱ्या अभिप्रायाची वाट बघायला वेळ उरत नाही आणि निवड समिती ओळखीच्या नावाकडे झुकते.

'स्वयंसेवक पुरेत.'
निधी जमवायला, रुग्णांची बाजू मांडायला ते हवेतच. पण औषधचाचणीत गंभीर प्रतिकूल घटना घडली, म्हणजे सहभागी रुग्णाचा मृत्यू झाला किंवा त्याला रुग्णालयात भरती करावे लागले, तर ती साधारणपणे 24 तासांत प्रायोजकाला, म्हणजे चाचणीची जबाबदारी घेणाऱ्या संस्थेला किंवा कंपनीला, कळवावी लागते. ती नोंद घ्यायला सुट्टीच्या दिवशीही ठरलेला, प्रशिक्षित माणूस लागतो. अमेरिकेत 1954 साली देणग्यांच्या बळावर पोलिओ लशीची चाचणी झाली. सुमारे 18 लाख मुले आणि असंख्य स्वयंसेवक त्यात होते. तरी नोंदींची छाननी मिशिगन विद्यापीठात साथरोगतज्ज्ञ टॉमस फ्रान्सिस यांच्या पगारी चमूनेच केली.

'माणसे प्रकल्पापुरती घ्या.'
सगळ्यात महाग पडणारा सल्ला हाच. तीन वर्षांच्या प्रकल्पात शेवटचे सहा महिने सर्वांत नाजूक: नोंदींतल्या चुका निस्तरणे, माहितीसंच गोठवणे (म्हणजे पुढे त्यात बदल करता येऊ नये असा बंद करणे), अंतिम विश्लेषण. नेमके तेव्हाच करार संपत आलेले लोक दुसरी नोकरी शोधतात. 'रक्तदाब, भेट 3' हा रकाना चौदा जणांचा कोरा का, हे नोंदी ठेवणारीलाच माहीत असते, आणि ती गेलेली असते. म्हणून मुदतवाढीचा निर्णय सहा महिने आधी सांगावा, प्रत्येक काम दोघांना येत असावे, आणि अंदाजपत्रकात रजा व बदली माणसाचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा.

'प्रशासकीय टक्केवारी कमी, म्हणजे संस्था चांगली.'
ही टक्केवारी म्हणजे एकूण खर्चातला प्रशासनाचा वाटा. पण तोच पगार प्रशासनात दाखवायचा की कार्यक्रमात, हे पुष्कळदा हिशेबाच्या पद्धतीवर ठरते. धर्मादाय संस्थांचे मूल्यमापन करणाऱ्या अमेरिकेतल्या तीन संस्थांनी 2013 मध्ये खुले पत्र काढून देणगीदारांना सांगितले होते की निव्वळ या टक्क्यावरून संस्था जोखू नका. त्यापेक्षा विचारा: किती पदे रिकामी आहेत, वर्षात किती जण सोडून गेले, अर्जापासून निर्णयापर्यंत किती महिने लागतात, आणि पुढचा हप्ता सोडण्याआधी प्रगती अहवाल कोण वाचते.